पंडिता रमाबाईंना लाभलेला भरवसा

दसरा-दिवाळी उलटली की मुखेड तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर एक परिचित दृश्य दिसू लागते. घराला कुलूप लागते, धान्याची गाठोडी, भांडीकुंडी आणि लहान मुले वाहनात चढतात आणि बिऱ्हाड पोटाच्या मागे परमुलखाला निघते. बालाघाटाच्या या कोरडवाहू टापूला असे निघणे नवे नाही. मात्र घर सुटल्यावर माणूस ज्या एका आधारावर तग धरतो तो केवळ भाकरीचा असत नाही. आपण कोणाचे तरी आहोत, आपल्याला कोणीतरी मोजते आहे, या भरवशाचाही तो असतो. तो भरवसा ढळला, की पोट भरूनही माणूस पोरकाच राहतो.

हैदराबादच्या निजामाच्या ज्या राज्यात मुखेड १९४८ पर्यंत होते, त्याच राज्यातील रायचूर गावी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी असेच एक निराधार कुटुंब येऊन पडले होते. आई तापाने आणि उपासमारीने खंगलेली, एक मुलगा आणि दोन मुली. वडिलांना नुकतेच मृत्यूने नेले होते. काही आठवड्यांत आईही गेली. प्रेत वाहून नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा धाकट्या मुलीने खांदा दिला. उंची पुरेना, म्हणून तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला आणि दूरचे स्मशान गाठले. ती मुलगी म्हणजे पुढे पंडिता म्हणून देशोदेशी गाजलेल्या रमाबाई. महाराष्ट्राने रमाबाईंना स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या कैवारी आणि धर्मांतराने वादग्रस्त ठरलेल्या विदुषी म्हणून ओळखले. परंतु या साऱ्या कर्तृत्वाच्या तळाशी एका जीवाचा दीर्घ शोध होता. ईश्वर आपल्यावर प्रेम करतो याची खात्री माणसाला कशी पटावी आणि पटल्यावर त्याने कसे जगावे, हा तो शोध होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न आणि आपल्या काळाच्या मानाने धाडसी गृहस्थ. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या पहाटेच्या वेळी धाकट्या लेकीला तोंडी दिली. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले. पुढे कर्ज आणि आतिथ्याचा खर्च यांपायी घर विस्कटले आणि कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले.

या भटकंतीत मिळालेले द्रव्य दानधर्मात जाई. उपवास, अनुष्ठाने, प्रदक्षिणा, पारायणे यांत खंड पडत नसे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीचे होते नव्हते ते संपले. रानातील पाला खाण्याची वेळ आली. मोलमजुरीची सवय नाही आणि भीक मागण्यास मन घेत नाही, अशा कोंडीत हे विद्वान कुटुंब सापडले. मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन निरोप दिला. आपण तिला देवाच्या हाती सोपविले आहे, तिने त्याचीच होऊन राहावे आणि जन्मभर त्याचीच सेवा करावी, एवढाच त्या निरोपाचा आशय होता. सर्वस्व गमावलेल्या पित्यापाशी देण्याजोगे तेवढेच उरले होते.

रमाबाईंनी तो निरोप विसरला नाही. पण त्याचा अर्थ त्यांना बराच काळ लागेना. आईबापांनी शास्त्राज्ञेतले काही चुकविले नव्हते आणि तरीही दोघांची अखेर उपासमारीत झाली, हा सल त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती हे मान त्यांना दिले. मान मिळाला, पण मनाची शांती मिळाली नाही. धर्मशास्त्रांचे अध्ययन वाढले तशी, स्त्री आणि शूद्र यांना त्यात मोक्षाची वाट कोठे आहे, ही शंका बळावत गेली. ब्राह्मसमाजाच्या एकेश्वरी उपासनेकडे त्यांचे मन काही काळ ओढले गेले.

१८८० साली श्रीनिवासांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीपातीची बंधने झुगारून विवाह केला. आसामातील सिल्चर येथील घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि येशूची कथा त्यांच्या आयुष्यात आली. संसार मात्र जेमतेम दीड वर्षाचा ठरला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा घास घेतला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मनोरमा नावाची तान्ही मुलगी कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी व त्यांच्यासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. पण श्रवणशक्ती मंदावल्याने तो सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. या भगिनींनी लंडनमध्ये समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालविले होते. कुलीन घरच्या स्त्रिया या पतितांची मायेने शुश्रूषा करतात हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्यांची सावलीही टाळावी असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या, त्यांना येथे बहीण मानले जात होते. याचे मूळ कोठे आहे हे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना विहिरीकाठच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात त्यावर गहजब झाला. विदुषीला फसविले गेले, असे अनेकांना वाटले. वस्तुस्थिती अगदी उलट होती. ज्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला त्या मंडळींना ही शिष्या वर्षानुवर्षे अवघड वाटत राहिली. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व, धर्मगुरूंचा अधिकार अशा प्रत्येक मुद्द्यावर रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. एका धर्मसत्तेच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सोडविलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या धर्मसत्तेच्या हवाली करण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांचे ख्रिस्ती होणे हे शरण जाणे होते खरे, पण ते कोणा संस्थेला किंवा राज्यकर्त्यांना नव्हते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि बोस्टनला त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दीड वर्षाने ते पुण्यास आले. कोणत्याही धर्माचा उपदेश तेथे होणार नाही, ही त्यामागची अट होती. बाह्य दृष्टीने पाहता रमाबाईंनी तिशीतच जे साधले ते अनेकांना जन्मभरात साधत नाही.

पण याच यशस्वी काळात त्यांच्या मनाला एक रितेपण जाणवत होते. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम वर्षानुवर्षे प्रवचने देत होता. परंतु ज्या प्रेमाविषयी आपण बोलतो ते आपल्याला लाभलेले नाही हे त्याला कळून आले आणि अखेरीस स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःच प्रवचन देत असताना त्याला ती खात्री पटली. रमाबाईंनी ते वाचून स्वतःकडे पाहिले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच्या सिद्धांतांचा अभ्यास केला, त्याच्या नावाने सेवाही आरंभिली. परंतु खुद्द ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, असा कठोर निवाडा त्यांनी स्वतःविरुद्ध दिला. हे १८९१ च्या सुमाराचे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

त्यांच्या आयुष्याचा खरा सांधा येथे आहे. आईवडिलांनी व्रते आणि दाने यांनी पुण्य जोडले. रमाबाईंनी ती वाट सोडली. पण नकळत दुसरी तशीच वाट धरली होती. तीर्थयात्रांच्या जागी धर्मचर्चा आली, दानांच्या जागी संस्था आली. ईश्वराच्या मर्जीस उतरण्यासाठी काही कमवावे लागते ही समजूत मात्र जुनीच राहिली. आता त्यांना उमगले ते हे, की क्षमा ही मजुरी नव्हे, देणगी आहे. ती उद्या मरणानंतर मिळायची नाही. आज, आहे त्या स्थितीत हात पुढे करून घ्यायची आहे. ज्याची कमाई करावी लागते ते कमी पडल्याचे भय कायम राहते. जे दिले जाते त्याचा भरवसा देणाऱ्यावर असतो. पंचवीस वर्षे ज्या निश्चिंतीसाठी त्या तळमळल्या ती त्यांना अशी लाभली.

मराठी मनाला ही भाषा सर्वस्वी परकी नाही. नरसीच्या नामदेवांपासून देहूच्या तुकोबांपर्यंत संतांनी कर्मकांडापेक्षा भावाचा आणि स्वतःच्या कर्तबगारीपेक्षा देवाच्या कृपेचा आधार थोर मानला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते तुकारामांच्या पुलावरून येशूकडे आल्याचे सांगत. रमाबाई त्या पुलावरून आल्या नाहीत. संस्कृत शास्त्रपरंपरेत वाढलेल्या या विदुषीने संतवाणीचा आधार फारसा घेतला नाही आणि पूर्वधर्मावर त्यांनी केलेल्या टीकेत काही वेळा कठोरपणा आला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे असेच आहे. स्वतः भोगलेल्या उपासमारीची धग त्या टीकेत होती, हेही मग ध्यानात घ्यावे लागते.

भरवसा लाभला आणि लगोलग त्याची कसोटी लागली. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह रोज प्रार्थना करीत. दार उघडे असे. सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते, पण हाकलूनही दिले जात नव्हते. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. केसरीने झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. तटस्थतेचा शब्द दिल्यावर हे घडावयास नको होते, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. याच सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी १८९३ मध्ये विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी पुढे १८९६ मध्ये हिंदू समाजाच्या विश्वासाला पात्र ठरेल असा स्वतंत्र आश्रम काढला, तो या अनुभवानंतरच. दुसऱ्या बाजूने पाहता, आपल्या खोलीतील प्रार्थनेला दार लावून घेणे रमाबाईंना आपल्या आधाराची लाज वाटल्यासारखे झाले असते. त्यांनी पुण्याची मान्यता गमावली, पण दार लावले नाही. माणसांच्या पसंतीवर ज्याचे समाधान अवलंबून असते त्याला हे जमले नसते.

देवाच्या प्रेमाची खात्री पटलेला माणूस स्वस्थ बसतो, अशी एक शंका नेहमी घेतली जाते. रमाबाईंचे पुढील आयुष्य हेच तिला उत्तर आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले रायचूरचे दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. भुकेने सांगाडे झालेल्या, बाजारबसव्यांच्या दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली व विधवा त्यांनी गोळा केल्या आणि शेकड्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभारून त्यांना ठेवले. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. शारदा सदन ब्राह्मण विधवांसाठी निघाले होते; येथे जात विचारण्याची सोयच उरली नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या वस्तीला नुसता आसरा दिला नाही. विहिरी खोदल्या, शेती पिकविली, विणकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, छपाई शिकविली. अंधांसाठी बार्तिमय सदन निघाले, तेथे स्पर्शाने वाचावयास शिकविले जाई. वृद्धांसाठी प्रीती सदन आणि फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. वाँटेजच्या भगिनींकडे पाहून तरुण रमाबाई थक्क झाल्या होत्या; तीच माया आता केडगावच्या माळावर मराठी स्त्रियांच्या हातून वाटली जात होती. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर ठरावीक उत्पन्नाचे पाठबळ नसतानाही, प्रार्थना आणि मिळेल ते साहाय्य एवढ्यावर दोन हजार तोंडांचा संसार चालला. सरकारची मर्जी राखण्याचाही त्यांचा स्वभाव नव्हता. प्लेगच्या छावणीत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी १८९७ मध्ये जाहीरपणे वेशीवर टांगली आणि गव्हर्नरचा रोष पत्करला.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जी बाई संस्कृतातील श्लोकांवर पंडितांच्या सभा जिंकीत असे ती आता अडाणी स्त्रीला समजेल असा साधा शब्द शोधीत बसे. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही कामे मुक्तीमधील स्त्रियांनीच केली. स्वतःला लाभलेली खात्री आपल्यासारख्या विदुषीपुरती न राहता सर्वांत खालच्या पायरीवरील बाईच्याही हाती जावी, हा त्या श्रमाचा हेतू होता. समग्र बायबल छापून पुरे झाले १९२४ मध्ये; ते पाहण्यास रमाबाई नव्हत्या.

त्याआधी सर्वांत कठीण घाव बसला होता. मनोरमा ही आईचा उजवा हात. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुक्तीच्या वतीने शाळा निघाली, तिची धुरा तिने वाहिली. आजी ज्या मुलखात उपासमारीने गेली त्याच मुलखात नात मुलींना शिकवीत होती. केडगावचा भारही पुढे तिनेच वाहावा असे ठरल्यासारखे होते. परंतु जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. देवाच्या प्रेमाचा अर्थ सुखरूपता असा केला, तर रमाबाईंच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. तरी त्यांचा भरवसा मोडला नाही, कारण तो कधी सुखरूपतेवर बेतलेलाच नव्हता. लेकीच्या मृत्यूनंतर त्यांनी कारभाराची घडी बसविली, भाषांतराचे काम पुढे नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला.

रायचूरच्या स्मशानवाटेवर तिरडीचा भार डोक्यावर घेतलेल्या मुलीला पित्याचा निरोप त्या दिवशी थट्टेसारखा वाटला असता, तरी तिला कोणी दोष दिला नसता. आपण देवाच्या हाती सोपविले गेलो आहोत हे तिला खरे वाटण्यास निम्मे आयुष्य जावे लागले. पुढे मात्र आपल्या हिंदू पित्याची ती प्रार्थना देवाने ऐकली, अशीच त्यांची धारणा झाली. उरलेल्या आयुष्यात हजारो पोरक्या मुलींना तेच वाक्य त्यांनी वेगळ्या रीतीने सांगितले. भाकरी देऊन, अक्षर देऊन, हाताला काम देऊन आणि रात्री झोपताना कोणीतरी आपली मोजदाद करते आहे ही निश्चिंती देऊन.

केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना थारा देत आहे. मुखेडसारख्या भागातून दरवर्षी जी बिऱ्हाडे परमुलखाला निघतात, त्यांतल्या एखाद्या मुलीची शाळा सुटते, एखाद्या विधवेचे नाव कोठल्याच यादीत उरत नाही. त्यांच्यापुढे कोणी ईश्वराच्या प्रेमाची गोष्ट काढली, तर ती त्यांनी कशावरून खरी मानावी, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला जितका लागू आहे तितकाच कोणत्याही श्रद्धावंताला. रमाबाईंनी त्याचे उत्तर सिद्धांताच्या ग्रंथात दिले नाही. केडगावच्या माळावर त्यांनी आधी एक विहीर खोदली.